घराची आंतली बाजू आणि विद्यापीठ

गेल्या जून महिन्यांत आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले. गृहस्थ बँकेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, व्यवहारांत सावध आणि कन्येच्या शिक्षणाविषयीं फार जागरूक. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं येण्याचें कारण सांगितलें. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती, आणि ‘इंटीरियर डिझाइन’ या विषयाची पदवी घेण्याचा तिनें हट्ट धरला होता. “प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले, “पडदे कोणत्या रंगाचे लावावे आणि कोच कोणत्या भिंतीला टेकवावा, हा काय विद्यापीठांत चार वर्षें बसून शिकण्याचा विषय आहे? आमची आई हें सारें कोणत्या विद्यापीठांत शिकली होती?”

प्रश्न थट्टेचा दिसला तरी थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आम्हीं त्यांना चहा दिला आणि उत्तरासाठीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली. दोन दिवसांचे दोन महिने झाले. जुने ग्रंथ व अहवाल चाळतां चाळतां आमच्या ध्यानांत असें आलें कीं, स्नेह्यांचा प्रश्न मुंबई शहराला दीडशें वर्षांहून अधिक काळ पडत आलेला आहे, आणि प्रत्येक पिढीनें त्याचें निराळें उत्तर दिलेलें आहे. त्या उत्तरांचीच ही हकीकत आहे.

आरंभीं एका शब्दाविषयीं. ‘इंटीरियर डिझाइन’ला मराठींत ‘अंतर्गत सजावट’ म्हणण्याची रूढि पडली आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. सजावट म्हटली कीं लग्नाचा मंडप किंवा गणपतीचें मखर डोळ्यांपुढें येतें. घराच्या चार भिंतींच्या आंत माणसानें कोठें बसावें, कोठें रांधावें, उजेड कोठून घ्यावा, एकाच खोलींत सासू, सून आणि अभ्यास करणारा मुलगा यांनीं एकमेकांस अडचण न होतां कसें नांदावें, हा सारा या विद्येचा विषय आहे. म्हणून आम्ही येथें ‘अंतर्रचना’ हा शब्द योजतों. वाचकांस याहून चांगला सुचल्यास त्यांनीं तो अवश्य वापरावा.

मुंबईंत १८५७ या एकाच वर्षीं दोन विद्यालयांचा जन्म झाला. २ मार्च रोजीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून निघालेली कलाशाळा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयानें सुरू झाली. जमशेटजींनीं तिच्यासाठीं एक लक्ष रुपये १८५३ सालींच देऊं केले होते. पुढें १८ जुलैला मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. म्हणजे वयानें कलाशाळा साडेचार महिन्यांनीं वडील. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला, आणि कलाशाळेची स्वतःची इमारतहि त्याच सालची. दोहोंमध्यें अंतर फार तर मैलभराचें. पण हा एक मैल चालून जाण्यास या दोन भावंडांना सव्वाशें वर्षें लागलीं. विद्यापीठानें वाचणाऱ्या डोक्याची काळजी वाहिली, कलाशाळेनें राबणाऱ्या हातांची. घर ही वस्तु डोकें आणि हात या दोहोंची असल्यामुळें ती दोघांच्याहि दप्तरीं नीटशी नोंदली गेली नाहीं.

कलाशाळेची कल्पना लंडनहून आली होती, आणि ती तेथें कां निघाली हें पाहण्यासारखें आहे. यंत्रावर निघणारा इंग्रजी माल घाट आणि नक्षी यांत फ्रेंच मालापुढें फिका पडतो, अशी ओरड झाल्यावरून तेथील सरकारनें १८३७ सालीं आलेखनाची एक शाळा काढली. पुढें १८५१ च्या सुप्रसिद्ध प्रदर्शनांत हिंदुस्थानांतील शाली, गालिचे आणि मुलाम्याचीं कामें मांडलीं गेलीं, तेव्हां खुद्द इंग्रज टीकाकारांनीं कबूल केलें कीं रंगसंगतींत व नक्षीच्या तोलांत हे अडाणी समजले जाणारे कारागीर आपल्या पुढें आहेत. ओवेन जोन्स यानें १८५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अलंकरणावरील आपल्या मोठ्या ग्रंथांत हिंदी नक्षीला मानाचें स्थान दिलें. ही सारी सामग्री हेन्री कोल याच्या हाताखालीं साउथ केन्सिंग्टन येथें पद्धतशीर अभ्यासक्रमांत बसविली गेली, आणि तोच अभ्यासक्रम आगबोटींतून मुंबईस उतरला. हिंदी कारागिराची नक्षी विलायतेस गेली, तेथें तिचें व्याकरण झालें, आणि तें व्याकरण घोकण्यासाठीं कारागिराच्याच मुलाला बाकावर बसविण्यांत आलें.

तोंवर घर आंतून सजविण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असें नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास पुण्यास बांधविलेला विश्रामबाग वाडा आजहि उभा आहे. त्याच्या सुरूदार खांबांवरून, कोरीव महिरपींवरून हात फिरविला म्हणजे त्या सुतारांचें शिक्षण किती वर्षें चाललें असेल याचा अंदाज येतो. तें शिक्षण बापाच्या रंध्यापाशीं झालें. त्याच वाड्यांत इंग्रजांनीं १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा काढली. शास्त्री आणि विद्यार्थी त्या खांबांना टेकून व्याकरण शिकले, परंतु खांब घडविणाऱ्याची विद्या हाहि शाळेचा विषय होऊं शकतो, असें कोणास वाटलें नाहीं. यांत आम्ही इंग्रजांना एकट्यांना दोष देत नाहीं. आमच्या समाजानें रंधा आणि पोथी यांची पंगत कधींच एक केली नव्हती.

कलाशाळेला खरें रूप आलें तें १८६५ नंतर. त्या वर्षीं लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे दोन तरुण मुंबईस आले. सजावटीचें चित्रकाम, शिल्पकाम आणि नक्षीदार लोखंडकाम अशा तीन कार्यशाळा निघाल्या, आणि १८६६ पासून संस्थेचा कारभार सरकारकडे गेला. किपलिंगचा मुलगा रडयार्ड हा पुढें जगप्रसिद्ध झाला. त्याचा जन्म १८६५ च्या डिसेंबरांत याच शाळेच्या आवारांत झाला. आम्हांस मात्र बापाचें महत्त्व अधिक वाटतें. त्यानें १८७० च्या सुमारास वायव्य प्रांतांत हिंडून विणकर, सोनार, लांकडावर कोरीवकाम करणारे यांचीं कामावर बसलेल्या स्थितींतील रेखाचित्रें काढलीं. कारागीर कोणती वस्तु करतो इतकेंच न पाहतां तो कसा बसतो, पायानें लांकूड कसें धरतो, हें त्यानें टिपलें. ग्रिफिथ्सनें आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्यांतील कित्येक लंडनमध्यें आगींत जळाल्या, हें दुर्दैव. शाळेच्या विद्यार्थ्यांनीं घडविलेलें कोरीवकाम व्हिक्टोरिया टर्मिनसमध्यें आजहि पाहावयास मिळतें. तिकिटाच्या रांगेंत उभ्या असलेल्या किती जणांनीं मान वर केली असेल, हा प्रश्न निराळा.

किपलिंग १८७५ सालीं मुंबई सोडून लाहोरच्या मेयो कलाशाळेचा मुख्य झाला, आणि मुंबईंत पेरलेलें बीज तेथें एका विलक्षण विद्यार्थ्याच्या रूपानें उगवलें. त्याचें नांव भाई राम सिंग. पंजाबांतील बटाल्याजवळच्या एका खेड्यांतील सुताराच्या घरचा हा मुलगा. शाळेंत तो शिकला, तेथेंच शिक्षक झाला आणि पुढें त्याच शाळेचा मुख्यहि झाला. व्हिक्टोरिया राणीला आपल्या ऑस्बर्न येथील प्रासादांत एक दरबारदालन हिंदी पद्धतीनें करून हवें होतें. कल्पना किपलिंगची, आणि ती उतरविण्यासाठीं १८९०-९१ मध्यें विलायतेस गेला तो राम सिंग. भिंतींपासून छतापर्यंत पांढऱ्या नक्षीनें भरलेलें तें दालन, आणि चुलाण्यावर पिसारा पसरलेला तो मोर, सारें अजून शाबूत आहे. राणीनें आपल्या चित्रकाराकडून या सुताराच्या मुलाचें तैलचित्रहि काढून घेतलें.

हिंदी कलाशाळेंत शिकलेल्या माणसानें संपूर्ण अंतर्रचना केल्याचें याहून ठळक उदाहरण त्या शतकांत आम्हांस सांपडत नाहीं. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण त्या दालनाकडे पाहतांना एक शंका मनांतून जात नाहीं. राम सिंगच्या गांवीं जें घर होतें, त्याचें अंगण, त्याची चूल, त्याची बाज, यांपैकीं कशाचाहि विचार करण्याची संधि त्याच्या विद्येला मिळाली काय? ज्या देशांत ही विद्या शिकविली जात होती, त्या देशांतलें राहतें घर हें तिचें गिऱ्हाईकच नव्हतें. गिऱ्हाईक होतें राजवाडा, स्टेशन, बाजार, प्रदर्शन.

याच सुमारास मुंबईंत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें कलाशाळेला जोडून कार्यशाळा निघाल्या. गालिचे, लांकडावरील कोरीवकाम, धातुकाम यांतील उस्ताद कारागीर शिक्षक म्हणून आणावे आणि त्यांच्या हाताखालीं मुलांनीं धंदा शिकावा, अशी योजना. योजना चांगली होती. परंतु गालिचा विणणाऱ्याला सुताराचें काम माहीत नाहीं, सुताराला रंगाचें नाहीं, आणि या साऱ्या वस्तु एका खोलींत एकत्र आल्या म्हणजे त्या खोलींत राहणाऱ्या माणसाचें काय होतें, हें कोणाच्याच वर्गांत येत नाहीं. खोली ही वस्तूंची बेरीज नसते. हें सत्य त्या काळच्या शिक्षणखात्यास उमगलें नाहीं, आणि आजहि ज्यांच्या दिवाणखान्यांत पाऊल ठेवण्यास जागा उरलेली नाहीं अशा आमच्या कांहीं श्रीमंत स्नेह्यांना उमगलेलें नाहीं.

आतां आम्ही १९२० सालाकडे येतों, कारण आमच्या मतें या हकीकतीचें मर्म त्या वर्षांत आहे. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड होते आणि कलाशाळेचे मुख्य ग्लॅडस्टन सॉलोमन. सॉलोमन यांचा उत्साह दांडगा. त्यांनीं लॉइडसाहेबांच्या पाठिंब्यानें भित्तिचित्रांचा खास वर्ग उघडला. त्या वर्गाचें नांव लवकरच झालें. वेम्बली येथील १९२४ च्या प्रदर्शनासाठीं विद्यार्थ्यांनीं एक सबंध हिंदी दालन तयार करून पाठविलें. छत रंगविलेलें, लांकूडकाम कोरलेलें. पुढें १९२८ च्या सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगविण्याचें कामहि त्यांच्या वांट्यास आलें. विद्यार्थ्यांच्या कर्तबगारीबद्दल दुमत नसावें.

परंतु त्याच १९२० सालीं त्याच लॉइडसाहेबांनीं मुंबई विकास खातें स्थापन केलें, आणि त्या खात्यानें गिरणीकामगारांसाठीं वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें काँक्रीटच्या चाळी उभारल्या. एकंदर २०७ चाळी, आणि बहुतेक प्रत्येक चाळींत ८० खोल्या. खोलीचें क्षेत्रफळ १६० चौरस फूट. या खोल्यांचें अंतरंग कसें असावें, चूल कोठें मांडावी, अंथरुणें दिवसा कोठें जावींत, बाळंतिणीला आडोसा कसा करावा, हें कागदावर आंखून पाहण्याची जबाबदारी कोणाची? इंजिनियरानें भिंती मोजल्या आणि तो निघून गेला. कलाशाळेंत त्याच वेळीं हुशार मुलें भिंतीवर देवांगना रंगवीत होतीं. एकाच माणसाच्या सहीनें दोन्ही कामें चाललीं होतीं, आणि दोहोंची गांठ पडली नाहीं. १६० चौरस फुटांची अंतर्रचना शेवटीं केली ती गिरणगांवांतल्या बायकांनीं: खाटेखालीं पेट्या, खाटेवर वळकट्या, भिंतीला फळ्या, कपाट आडवें लावून केलेला पडदा, आणि वर माळा. शंभर वर्षांच्या आसपास तेथें संसार झाले ते या बिनपदवीच्या विद्येवर.

आमचें स्वतःचें बालपण गिरगांवांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत गेलें. आमच्या मातोश्रींनीं मागच्या खोलींत मोरीजवळच्या कोनाड्याला एक फळी अशी बसविली होती कीं, दिवसा तिच्यावर पाण्याचे हंडे राहत आणि रात्रीं तीच काढून दोन ट्रंकांवर ठेवली म्हणजे आमची अभ्यासाची मेज होई. स्नेह्यांच्या आईप्रमाणेंच आमच्याहि आईनें हें कोणत्या विद्यापीठांत शिकलें नव्हतें. पण त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? तें ज्ञान शिकण्यासारखें नव्हतें असा, कीं तें लिहून घेण्यास कोणी आलें नाहीं असा? आमच्या मातोश्रींबरोबर ती फळीहि गेली, आणि ती कोनाड्यांत नेमकी कशी अडकविली होती हें आज आम्हांसहि सांगतां यावयाचें नाहीं.

लिहून घेण्यास कोणी आलें असतें तर काय झालें असतें, याचें उत्तर मुंबईंत नसलें तरी व्हिएन्नांत आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊं. मार्गारेटे लिहोत्स्की ही तरुणी पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथील कलाकौशल्याच्या शाळेंत वास्तुविद्या शिकत होती. १९१७ सालीं कामगारांच्या घरांचे नकाशे करण्याची एक स्पर्धा विद्यार्थ्यांसाठीं लागली. तिचे अध्यापक ओस्कर स्त्रनाद यांनीं तिला सांगितलें कीं पेन्सिल हातीं धरण्यापूर्वीं कामगारवस्तींत जा आणि लोक कसे राहतात तें पाहून ये. ती गेली, आणि तिनें जें पाहिलें त्यानें तिच्या आयुष्याची दिशा ठरली. स्पर्धेंतील पारितोषिकहि तिला मिळालें. पुढें १९२६ सालीं फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं तिनें एक स्वयंपाकघर आंखलें: सुमारें १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबानें सत्तर चौरस फूट. रांधणारीला किती पावलें टाकावीं लागतात याचा हिशेब त्यांत होता. आगगाडीच्या भोजनडब्यांतील चिंचोळ्या स्वयंपाकघराचा आदर्श त्यांत होता. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बसविलीं गेलीं. गंमत अशी कीं, तोंवर आपण स्वतः कधीं स्वयंपाक केलेला नव्हता, असें या बाईंनींच पुढें सांगितलें आहे. त्या स्वयंपाकघरांत दोघी उभ्या राहूं शकत नाहींत, गृहिणी त्यांत एकटी पडते, असे आक्षेपहि मागाहून निघाले, आणि ते खोटे नाहींत. परंतु आक्षेप घेण्यासाठीं तरी कोणी कागदावर कांहीं मांडलेलें असावें लागतें.

मुंबईच्या कलाशाळेपुढें त्यानंतर निराळेंच संकट आलें. सरकारी खर्चांत काटकसर सुचविण्यासाठीं नेमलेल्या समितीनें १९३२ सालीं ही शाळा बंदच करावी असें सुचविलें. लोकमत खवळलें म्हणून ती वांचली. हिंदी वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेनें १९३७ च्या नोव्हेंबरांत टाउन हॉलमध्यें ‘आदर्श गृह’ प्रदर्शन भरविलें, तेव्हां प्रथमच मध्यम वर्गाचें घर आंतून कसें असावें हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. फ्लॅटांत राहावयास निघालेल्या कुटुंबांनीं तेथें नमुन्याच्या खोल्या, विजेचीं उपकरणें आणि नवें लांकडी सामान पाहिलें. मांडणी विकणाऱ्याच्या सोयीची होती हें खरें. तरी राजवाड्याच्या जागीं बैठकीची खोली आली हें कांहीं थोडें नव्हे.

दुसरीकडे गृहजीवनाचें शिक्षण मुलींच्या अभ्यासक्रमांतून चाललें होतें. महर्षि कर्व्यांच्या १९१६ सालच्या महिला विद्यापीठानें गृहजीवनाशीं निगडित विषयांना जागा दिली. दिल्लीस १९३२ सालीं लेडी आयर्विन कॉलेज निघालें. बडोद्याच्या नव्या विद्यापीठांत श्रीमती हंसा मेहता कुलगुरु असतां गृहविज्ञानाची शाखा सुरू झाली. या शाखांनीं घर हा विषय विद्यापीठांत आणला, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण ती विद्या मुलीनें आपल्या संसारापुरती शिकावी, असा समाजाचा समज राहिला. परिणाम असा कीं जिला घर कळत होतें तिच्या हातीं नकाशा आला नाहीं, आणि नकाशा काढणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञाला घर कळण्याची सक्ति नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९५८ सालीं मुंबईच्या कलाशाळेच्या वास्तुशास्त्र व उपयोजित कला या शाखा स्वतंत्र संस्था झाल्या. मूळ कलाशाळा विद्यापीठाशीं संलग्न झाली ती १९८१ सालीं. वर म्हटलेला एक मैल तेव्हां संपला. अंतर्रचनेपुरतें स्वतंत्र विद्यालय अहमदाबादेस ‘सेप्ट’ या संस्थेंत १९९१ सालीं निघालें, आणि आतां तर अनेक विद्यापीठांतून ही पदवी मिळते. २०२३ सालीं जमशेटजींच्या कलाशाळेला, तिच्या दोन्ही शाखांसह, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हें सारें आम्हीं स्नेह्यांना सांगितलें तोंवर ऑगस्ट उजाडला होता, आणि कन्येनें आमच्या उत्तराची वाट न पाहतां नांव घातलेंहि होतें. गेल्या आठवड्यांत गृहस्थ पुन्हां आले ते तक्रार घेऊन. मुलीला पहिलाच पाठ असा मिळाला आहे कीं, स्वतःच्या घरांतील एक खोली दिवसाच्या चार निरनिराळ्या वेळीं मोजून तींत कोण कोठें असतें तें कागदावर मांडावयाचें. तिनें स्वयंपाकघर निवडलें. पहांटे साडेपांचला ती टेप घेऊन ओट्याशीं उभी राहते आणि आईच्या कोपरापासून ओट्यापर्यंतचें अंतर घेते. ओटा चार इंच उंच आहे असें तिचें म्हणणें. पंचवीस वर्षें त्याच ओट्याशीं उभी राहिलेली आई प्रथम हंसली, आणि मग तिनें सांगितलें कीं पोळ्या लाटतांना खांदा दुखतो तो बहुधा यामुळेंच. “आतां ओटा फोडावा लागणार,” स्नेही म्हणाले, “आणि गवंड्याचा खर्च तुम्ही द्या.” आम्हीं पुन्हां चहा मागविला.